सणसरच्या वाटेवरचा बोल्ट

बारामतीहून इंदापूरकडे निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी सणसरला मुक्काम करते. जवळच भवानीनगरचा साखर कारखाना आहे. उसाच्या खाचखळग्यांच्या वाटांवर धक्के खाऊन जीपच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचा बोल्ट सैलावतो आणि चेसिसमधले आटे जातात. बोल्ट वेल्डिंगने जखडणे सोपे. परंतु पुढील दुरुस्तीस तो उघडत नाही. जाणता कारागीर छिद्र नेमके मोठे करतो, टॅपने नवे आटे पाडतो, त्यांत पोलादी तारेचे हेलिकॉइल बसवतो. मग मूळ मापाचाच बोल्ट घट्ट बसतो. हे काम गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. त्याच्या भरवशावर मात्र सारे कुटुंब प्रवासास निघते. पेढीवरील सचोटीचेही तसेच आहे.