लंडनची जमीन, लंडनचे चढउतार

सोमवार : ब्लॅकफ्रायर्स ते क्लार्कनवेल

लंडनमध्ये नवख्या माणसाच्या हाती आधी भुयारी रेल्वेचा नकाशा पडतो, आणि शहराविषयीचे त्याचे गैरसमजही तिथूनच सुरू होतात. हॅरी बेक हा विद्युत-मंडलांची रेखाटने करणारा ड्राफ्ट्समन. त्याने १९३१ मध्ये हा नकाशा आखला आणि १९३३ मध्ये तो छापून आला. प्रवाशाला गाडी कुठे बदलायची एवढेच हवे असते, हे ओळखून त्याने खरी अंतरे आणि खरी वळणे सोडून दिली. जमिनीवरची म्हणून थेम्स तेवढी ठेवली. गाडीने जाणाऱ्यासाठी हा नकाशा अजोड आहे. पण त्यालाच शहर समजणारा माणूस लेस्टर स्क्वेअरहून कॉव्हेंट गार्डनला जायला गाडी धरतो, आणि या दोन स्थानकांत अंतर आहे जेमतेम २६० मीटरचे. लंडनचा इतिहास इमारतींपेक्षा जमिनीत जास्त टिकला आहे, असे माझे ठाम मत आहे. तो उतारांत आहे, गल्ल्यांच्या वळणांत आहे, दोन ठिकाणांमधल्या अंतरांत आहे, आणि तो पायांनाच उमगतो.

याचा पहिला पुरावा फॅरिंग्डन स्ट्रीट. ब्लॅकफ्रायर्स पुलाकडून उत्तरेला निघाले की डावीकडे फ्लीट स्ट्रीट चढत जातो आणि उजवीकडे लडगेट हिल सेंट पॉलकडे चढतो. आपण दरीतून चालतो आहोत हे पोटऱ्यांना लगेच कळते. ही दरी हॅम्पस्टेडकडून येणाऱ्या फ्लीट नदीची. नदी आता रस्त्याखालच्या गटारात आहे, पण तिने कोरलेला उतार कुणाला बुजवता आला नाही. घोडागाड्यांना हा चढउतार झेपेना, म्हणून १८६९ मध्ये होबर्न व्हायाडक्ट हा उंच पूल दरीवरून नेला. पुढे क्लार्कनवेलच्या रे स्ट्रीटवर लोखंडी जाळीपाशी उभे राहिले, तर खालच्या पाण्याचा आवाज आजही ऐकू येतो.

मंगळवार : चीपसाइड ते एम्बँकमेंट

१६६६ च्या आगीत १३,२०० घरे आणि ८७ चर्च जळाली. वास्तुशिल्पी ख्रिस्तोफर रेनने लगोलग रुंद, सरळ रस्त्यांच्या नव्या शहराचा आराखडा पुढे ठेवला. तो बारगळला, कारण राखेखालच्या प्रत्येक तुकड्याला मालक होता आणि लोकांना हिवाळ्याआधी डोक्यावर छप्पर हवे होते. काही रस्ते रुंद झाले, घरे विटांची झाली, पण शहर बव्हंशी जुन्याच रेषांवर उभे राहिले. म्हणून चीपसाइडला फुटणारे ब्रेड स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, वुड स्ट्रीट हे मध्ययुगीन बाजाराचे रस्ते आजही तिथेच आहेत. काचेचे मनोरे त्यांच्या बाजूंनी उभे राहिले आहेत. मालकी हक्क आगीलाही पुरून उरतो, याचा एवढा ढळढळीत दाखला युरोपात क्वचितच मिळेल.

हे सारे पुस्तकात वाचता येते, बसच्या वरच्या मजल्यावरून पाहताही येते, असे कोणी म्हणेल. पुस्तक हवेच, त्याशिवाय उतार हा नुसता उतार राहतो. पण बस मोठ्या रस्त्यांनी जाते. बो लेनसारख्या गल्लीत ती शिरत नाही. एम्बँकमेंटच्या बागेतली यॉर्क वॉटरगेट ही १६२६ ची कमान घ्या. होड्यांतून उतरण्यासाठी बांधलेली, म्हणजे पाणी तिच्या पायऱ्यांशी होते. आता कमानीपासून नदीपर्यंत चालून पाहावे. सुमारे दीडशे मीटर भरते, आणि ही सगळी जमीन अभियंता बाझलजेटने १८७० पर्यंत नदीकडून काढून घेतलेली आहे. तिच्या पोटात त्याने शहराचे सांडपाणी वाहून नेणारा मोठा नळ घातला. ‘थेम्स अरुंद केली’ हे पुस्तकातले वाक्य त्या दीडशे मीटरांत खरे होते.

बुधवार : ब्लूम्सबरी आणि होबर्न

पायी फिरण्यावरचा दुसरा आक्षेप शहराच्या आकाराचा, आणि तो वजनदार आहे. बृहद् लंडन सुमारे १,५७० चौरस किलोमीटरचे. चार दिवसांच्या पाहुण्याने ते पायी कसे पाहावे? सगळे पाहू नयेच. पण मध्यवर्ती भाग वाटतो त्याहून फार आटोपशीर आहे. खुद्द वाहतूक संस्थेने २०१५ मध्ये स्थानकांमधली पायी मिनिटे दाखवणारा नकाशा काढला. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे डॉ. आंबेडकरांचे लंडन. आपल्याकडचे लोक किंग हेन्रीज रोडवरचे घर पाहतात, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. मात्र बाबासाहेबांचे कष्टाचे दिवस गेले ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, ग्रेज इन आणि ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय या तीन ठिकाणी. अर्थशास्त्र, कायदा आणि वाचन यांचा हा त्रिकोण दर बाजूला पंधरा-वीस मिनिटांच्या चालीचा आहे. एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास कसा पेलला असेल याचे उत्तर त्यांच्या जिद्दीत आहेच; पण ही जवळीक पायाखालून गेल्यावर त्या दिनक्रमाचा आकार डोळ्यांपुढे येतो.

ज्यांना चालवत नाही त्यांचे काय, हा प्रश्न मात्र मला टाळायचा नाही. एम्बँकमेंटचा पदपथ सपाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही तो चालतो. लडगेटचा चढ तसा नाही. आणि काही गोष्टींपुढे धडधाकट पायही अपुरे पडतात. बँक स्थानकाजवळच्या वॉलब्रुक नदीकाठचे मिथ्रास देवाचे रोमन मंदिर १९५४ मध्ये सापडले. ते आजच्या रस्त्याच्या सुमारे सात मीटर खाली आहे, इतकी जमीन शतकानुशतके भर पडून वर आली. तिथे चालणे थांबवून जिने उतरावे लागतात आणि उत्खनन करणाऱ्यांच्या नोंदी वाचाव्या लागतात. गुरुवारचा टप्पा तोच.