राखाडी की जांभळं

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात मोनेनं रंगवलेली रुआंच्या कॅथीड्रलची पाच चित्रं पाहून मी कंटाळलो होतो. तीच दर्शनी भिंत, तेच दार. एकदा निळं, एकदा पिवळं. या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं का, असं बोलूनही गेलो. हिनं तिथल्या तिथे रुआंला जायचं ठरवलं. पहिला दिवस पावसात गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच आम्ही कॅथीड्रलसमोर कॉफी घेऊन बसलो. ही बाजू पश्चिमेची, त्यामुळे सूर्य अजून इमारतीमागेच होता.

“राखाडी आहे,” मी म्हणालो.

“अहो, नीट बघा. त्या खाचांमध्ये जांभळं आहे.”

“सावली आहे ती.”

“मग सावलीला रंग नसतो?”

यावरून आमची चांगलीच जुंपली. कॉफी निवली, दुसरी मागवली, सोबत सफरचंदाचा टार्ट आला. दुपार कलली तसं ऊन भिंतीवर आलं आणि दगड सायीसारखा पिवळट झाला. कोरलेले संत, जाळ्या, कमानी, सगळं त्यात विरघळलं. पुढे समोरच्या घरांची सावली पायथ्यापासून वर चढू लागली. मोनेला मी मनातल्या मनात एक गुण दिला. हिला सांगितलं नाही.

१८९२ आणि १८९३ साली तो इथंच समोरच्या खिडक्यांतून रंगवत असे, उजेड पालटला की कॅनव्हास बदलून. त्यातली एक खिडकी बायकांच्या कपड्यांच्या दुकानात होती. गिऱ्हाइकांनी तक्रार केली, तेव्हा त्याच्याभोवती पडदा उभारावा लागला. हे ऐकून ही इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघू लागले. त्याला तर झोपेतही हे कॅथीड्रल अंगावर कोसळताना दिसलं होतं, निळं, गुलाबी, पिवळं.

“पण चित्रं पुरी केली घरी, झिव्हर्नीच्या स्टुडिओत,” मी माझा हुकमी पत्ता टाकला. “तारीख घातली १८९४. मग कसला आला क्षणाचा उजेड?”

“तुम्ही प्रवासवर्णन इथंच बसून लिहिणार आहात का?”

मी घाईघाईनं उजवीकडच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. ईस्टरपूर्वीच्या उपासात लोणी खायची मुभा हवी तर पैसे मोजायचे. त्या पैशांतून तो उभा राहिला म्हणतात, म्हणून लोण्याचा मनोरा.

“आपल्या साबुदाण्यावर असं काही बसवलं असतं तर?”

“गल्लोगल्ली मनोरे झाले असते,” ती म्हणाली आणि माझ्या बशीतला टार्ट तिनं उचलला.