एकटीसाठी काय कुकर लावायचा?



ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळाचे काटे मागे गेले की दोन गोष्टी हमखास होतात. तळघरातले जाड कोट वर येतात आणि मंडळातल्या आजी-आजोबांचे फोन कमी होतात. गेले दोन हिवाळे आम्ही काही स्वयंसेवक त्यांच्याकडे चक्कर मारून येतो. तिथे जे दिसले ते अंकात लिहावे असे ठरले, आणि नावापुढे ‘डॉक्टर’ आहे म्हणून काम आमच्या गळ्यात पडले. तर आधीच सांगून टाकतो: आमची डॉक्टरेट रसायनशास्त्रातली. गोळी लिहून द्यायला तुमचे हाउसआर्ट्स्ट आहेत. आम्ही फार तर त्या गोळीत काय आहे ते सांगू.

आपल्याकडे ज्येष्ठ मंडळी दोन प्रकारची. एक, साठ-सत्तरच्या दशकांत इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली, आता ऐंशीच्या आसपासची, मुले दुसऱ्या शहरांत. दुसरी, पुण्या-नाशकाहून मुलांकडे येणारी. ही बहुतेक नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतात. ज्यांच्या मुलांना १ मार्च २०२४ नंतर कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, त्यांच्यासाठी नव्या कायद्याने कायमचे येण्याचीही वाट उघडली आहे, पण आरोग्यविम्याची अट पुरी करताना भल्याभल्यांना घाम फुटतो. असो. दोन्ही घरांतले हिवाळ्यातले ताट मात्र सारखेच दिसते: चहा, टोस्ट, थोडा भात, लोणचे.

एका काकूंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. काका गेल्यापासून त्या एकट्या राहतात. फोनवर विचारले की “हो रे, जेवले” हे ठरलेले उत्तर. जानेवारीत आम्ही दोघे-तिघे भेटायला गेलो तेव्हा मनगटावरच्या पाटल्या कोपराकडे सरकत होत्या. “पाटल्या मोठ्या झाल्यात बघ,” असे त्याच हसून म्हणाल्या. फ्रिजमध्ये अर्धा लिटर दूध, टोस्टब्रेड, लोणच्याची बरणी आणि दोन दिवसांचा भात. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन ठीक आहे. स्वयंपाक येत नाही म्हणावे तर याच काकूंनी एके काळी गणपतीत साऱ्या मंडळाला पुरणपोळ्या वाढल्या आहेत. आम्ही कारण विचारले तर एवढेच म्हणाल्या, “एकटीसाठी काय कुकर लावायचा?”

सप्टेंबरात डॉक्टरांच्या कागदावर ५८ किलो होते, त्या दिवशी काट्यावर ५३. तीन महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप उतरले तर ते ‘वयाने होतेच’ म्हणून सोडायचे नसते. डॉक्टरांकडे नेले. तपासण्यांत मोठा आजार निघाला नाही. बी-१२ कमी होते, आणि बाकी खाणेच कमी.

थोडा हिशेब मांडतो, तेवढे आमचे व्यसन आहे. डीजीई, म्हणजे इथली पोषणशास्त्राची संस्था, पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ग्रॅम प्रथिने घ्या म्हणते, तरुणांना ०.८ पुरतात. म्हातारपणी कमी लागते हा समज उलटा आहे. साठ किलोच्या आजींना ६० ग्रॅम हवीत. दोन पोळ्यांचे साधारण ६, वाटीभर वरणाचे ६-७, भाताचे ३, कपभर दुधाचे ५. बेरीज करा, विशीच्या आसपास अडकते. दोन वेळचे नीट जेवण झाले तरी चाळिशी. आणि टोस्ट-चहाच्या दिवशी तर बोलायलाच नको.

डाळींच्या प्रथिनांवर बंगळूरला काम करून पुढे १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवणाऱ्या कमला सोहोनी आपल्याच. त्यांनी मराठीत ‘आहार-गाथा’ लिहिली. तेव्हा वरणाची थोरवी आम्ही नव्याने काय सांगावी! इथल्या दुकानात रोटे लिन्झेन म्हणून मिळते ती आपली सोललेली मसूर. भिजवायला नको, पंधरा-वीस मिनिटांत शिजते, कुकरही लागत नाही. पण खरी मदत होते क्वार्कची. २५० ग्रॅमच्या डब्यात सुमारे ३० ग्रॅम प्रथिने, म्हणजे निम्मा दिवस. आपल्या बायकांनी त्याचे श्रीखंड कधीच केले आहे, पण क्वार्क सणापुरता ठेवू नये. दाण्याचे कूट, मीठ, मिरची, वरून फोडणी घातली की टोस्टवरही चालतो. वजन उतरलेल्या माणसासाठी मागरक्वार्क आणू नका, ४० टक्केवाला आणा. घाबरू नका, ते ४० टक्के पाणी सोडून उरलेल्या भागाचे असतात. प्रत्यक्षात स्निग्धांश ११ टक्क्यांच्या आसपास असतो.

काकूंना तक्ता द्यायचा नाही हे आम्ही आधीच ठरवले होते. शिकल्यासवरल्या बाईला शिकवायला गेले की ती चहा देते आणि आपले तेच करते. म्हणून त्या जे खात होत्या त्यातच भर घातली. वरणाचे छोटे डबे फ्रीझरमध्ये. टोस्टला क्वार्क. खिरीत हाफरफ्लोकन आणि बदामाची पूड. भाकरी चावत नाही म्हणून ती ताकात कुस्करून. आणि शेजारच्या मजल्यावरच्या जर्मन आजींना गुरुवारी जेवायला बोलावले. या आजी लिन्झेनझुप्पं करून आणतात, काकू तिच्यावर हिंग-मोहरीची फोडणी ओततात, आणि दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नावे ठेवत भरपूर जेवतात. पाहुणा आला की कुकर लागतो. एप्रिलमध्ये वजन साडेपंचावन्नावर आले.

आता उन्हाविषयी, कारण यात आपली मंडळी फसतात. २२ डिसेंबरला भरदुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंश वर असतो, फ्रँकफर्टला जेमतेम साडेसोळा. इतक्या तिरप्या किरणांना वातावरणातून साडेतीन पट वाट कापावी लागते, आणि त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण वाटेतच ओझोनमध्ये शोषले जातात. ऑक्टोबर ते मार्च या देशात उन्हात बसूनही ते पुरेसे तयार होत नाही; सावळ्या त्वचेला तर उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. शिवाय खिडकीची काच हे किरण अडवते. काचेमागे कोवळे ऊन खात बसलेल्या आजोबांना ऊब मिळते, जीवनसत्त्व नाही. गंमत म्हणजे हे सारे ज्ञान बरेचसे याच मातीतले: बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली मुडदूस झालेली मुले दिव्याच्या अतिनील प्रकाशाने बरी करून दाखवली, आणि ग्योटिंगनच्या विन्डाउस यांना १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले ते स्टेरॉल आणि जीवनसत्त्वांच्या संबंधावरील कामासाठी. ऊन मिळत नसेल तर दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, हा डीजीईचा आकडा आहे. डॉक्टरांना विचारून घ्या, जेवणाबरोबर घ्या, आणि ‘जास्त तितके चांगले’ म्हणून मोठ्या गोळ्या मागवू नका. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. मासे खाणाऱ्यांनी माक्रेले आणावा. आपल्या बांगड्याचाच भाऊबंद आहे, आमसूल घालून कालवण झकास होते.

बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, ताक, क्वार्क यांतूनच मिळायचे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ते आणखी उतरते. पायाला मुंग्या, विसरभोळेपणा हे सगळे वयाच्या खात्यावर टाकण्याआधी रक्त तपासून घ्यावे. रक्त पातळ करणारी मार्कुमार चालू असेल तर ग्र्यूनकोल, पालक एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. प्रमाण सारखे ठेवा. मीठ घेताना पाकिटावर योडझाल्त्स लिहिलेले पाहा. भारतात आयोडीनयुक्त मिठाची सक्ती आहे, इथे नाही, आणि बॅगेतून आणलेल्या सैंधवात ते नसतेच म्हणा.

उपवासाबद्दल लिहिताना आम्हाला भीती वाटते, तरी लिहितो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा, तेव्हा कूट सढळ हाताने घाला. आणि ढगांनी झाकलेल्या चंद्राची वाट पाहत संकष्टीला रात्री दहापर्यंत उपाशी बसणाऱ्या आजींना संध्याकाळी दूध-केळे तरी द्या. बाप्पा समजून घेतील असे आमचे मत आहे.

हीटिंगने हवा कोरडी होते, तहान वयाबरोबर मंदावते, आणि रात्री उठावे लागेल म्हणून बरेच जण मुद्दाम पाणी कमी पितात. ‘पाणी प्या’ म्हणून कोणी पीत नाही. कढी, सार, पेज, सूप पुढे ठेवले तर संपते. त्यातले बरेचसे दुपारपर्यंत पोटात गेले की रात्रीची कटकट कमी. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकला. चहा जेवणातले लोह अडवतो.

काहींनी ‘एस्सन आउफ रेडर्न’चे डबे लावले आहेत. शाकाहारी पर्याय असतात, पण चव लागत नाही म्हणून निम्मे परत जातात. अशा घरी आम्ही एक बरणी ठेवून येतो: लाइनझामेन, म्हणजे आपले जवस, भाजून केलेली चटणी. पूड थोडी थोडीच करावी, जवसाचे तेल लवकर खवट होते. बटाट्याच्या लगद्यावर ती चटणी आणि चमचाभर फोडणी पडली की ताट रिकामे होते.

या हिवाळ्यासाठी दोन कामे आहेत. ज्येष्ठांचे वजन दर महिन्याच्या एक तारखेला कॅलेंडरवर लिहिले जाते का, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या घरी पाहावे. दुसरे, २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ अखेर दुकाने बंद असतात आणि एकट्या माणसांना ते तीन दिवस फार लांब जातात. त्या तीन दिवसांत ज्यांच्या टेबलावर एक खुर्ची रिकामी आहे, किंवा ज्यांच्याकडे गाडी आहे आणि फ्रीझरमध्ये वरणाच्या डब्यांना जागा आहे, त्यांनी पहिल्या ॲडव्हेंटच्या रविवारपर्यंत कार्यकारिणीकडे नाव द्यावे.