चाळणीत उरलेले

रोज सकाळी व्हॉट्सॲपवर संदेशांचा ढीग साचतो: वाडीचा गट, वर्गबंधूंचा, मुंबईकर चाकरमान्यांचा. त्याला चाळण लावायची, तर निकष कोणता? माहितीचा निकष लावला, की प्रथम ‘सुप्रभात’ गळून पडते. त्यात कळवलेले असते तरी काय? परंतु मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्येच दाखवून दिले होते, की पुष्कळसे बोलणे काही कळवण्यासाठी नसते. ते नाते जागते ठेवण्यासाठी असते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड तालुक्यात झाडे, कौले, विजेचे खांब पाडले; फोन मुके झाले. सेवा पूर्ववत झाली, तेव्हा वाडीच्या गटावर एका वृद्ध आत्यांचे नेहमीचे गुलाबाचे चित्र उमटले, आणि त्या सुखरूप आहेत हे मुंबईतल्या मुलांना समजले. त्या दिवशी त्या गुलाबाइतकी माहिती कोणत्याच बातमीत नव्हती.

फॉरवर्ड झालेल्या बातम्या, औषधोपचार, राजकीय चित्रफिती यांचेच गट मी म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकले आहेत. (समोरच्याला ते कळत नाही; ही सोय मोठी सुसंस्कृत!) फेसबुकवर काहींना अनफॉलो केले, मैत्री तोडली नाही. सुप्रभात तेवढे ठेवले. आत्यांचा गुलाब सव्वासहाला येतो. सात वाजून गेले, तर मी फोन लावते.