निजामाची उर्दू आणि अर्णवची इंग्रजी

नांदेड

चि. मीनू,


अर्णवला इंग्रजी शाळेत घातलंस, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लातुरात राहून लेकराला डॉक्टर करायचं मनात नसलेला बाप शोधून सापडायचा नाही, आणि आपल्याकडं एमबीबीएस इंग्रजीतच शिकवतात. नीटचा पेपर मराठीतही मिळतो. पण अकरावी-बारावीचं सायन्स इंग्रजीत शिकलेलं पोरगं तो कशाला मागेल? हा हिशोब मला कळतो. शाळेनं पालकसभेत सांगितलं म्हणून तुम्ही दोघांनी घरातली मराठीही बंद केली, हे मात्र तू कौतुकानं कळवलंस आणि मला पचलं नाही. फोनवर वाद घालणं मला जमत नाही, म्हणून लिहायलो.

आपल्या घरात परकी भाषा काही पहिल्यांदा आलेली नाही. तुझे पणजोबा निजामाच्या राज्यात शिकले. खालच्या वर्गांत थोडीफार मराठी, वर गेलं की सगळं उर्दूत. राज्यातले बहुतेक लोक तेलुगू, मराठी नाहीतर कन्नड बोलणारे. पण नांदेडच्या पोराला बीजगणित उर्दूत, इतिहास उर्दूत, आणि पुढं शिकायचं तर हैदराबादला उस्मानियात. 1918 साली निघालेल्या त्या विद्यापीठात डॉक्टरकीसुद्धा उर्दूत शिकवायचे. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातं होतं, दारुत्तर्जुमा नावाचं. काम मोठं होतं, नाही म्हणवत नाही. बाकीच्या हिंदुस्थानात कॉलेजं इंग्रजीत चालत होती तेव्हा इथल्याच एका भाषेत सगळी शास्त्रं आणून दाखवली त्यांनी. फक्त ती भाषा आपली नव्हती. म्हणून तर 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, आणि सिंदगीकडचे स्वामी रामानंद तीर्थ तिथं येऊन मास्तरकी करू लागले.

पणजोबांना असल्या शाळेत जायला मिळालं नाही. ते उर्दू शिकले, तहसिलीत चिकटले, दिवसभर उर्दूत कागद काळे केले. घरी आले की टोपी खुंटीला, आणि उर्दू टोपीत. पोरांना रागवायचे मराठीत, हिशोब तोंडानं करायचे मराठीत, रात्री ओसरीवर पोथी वाचायचे तीही मराठीत. भाकरी ज्या भाषेची खातो तिला नावं ठेवायची नाहीत, असाही त्यांचा दंडक होता. उर्दूवर त्यांचं प्रेम होतं, हे तुझ्या आईला विचार.

पुढं 17 सप्टेंबर 1948 ला निजाम शरण आला. थोड्याच वर्षांत कचेरीतली उर्दू गेली, उस्मानियासुद्धा इंग्रजीकडं वळलं. परवा 2023 साली कुणबी नोंदी शोधायला निजामकाळची दप्तरं उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं धुंडाळावी लागली. आजोबांनी लिहिलेला कागद नातवाला उलटा की सुलटा तेही कळेना.

इंग्रजी तशी जाणार नाही, हे मला मान्य आहे. भीती घालायला हे सांगत नाही. पणजोबांवर खुद्द सरकारची सक्ती होती, तरी त्यांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. तुमच्यावर सक्ती कुणाची आहे? पालकसभेतल्या एका सूचनेची?

आणि घरात बोलता ते इंग्रजी तरी केवढं? मागं आलो तेव्हा मी ऐकत होतो. कम. सिट. ईट फास्ट. डोंट टच. गुड बॉय. एवढ्यात सगळं संपतं. तुम्ही दोघं भांडता मराठीत, हसता मराठीत, पावसानं सोयाबीनचं काय केलं ते गावाकडं विचारता मराठीत. म्हणजे घरातलं जे खरं बोलणं आहे ते अर्णवच्या डोक्यावरून जातं आणि त्याच्या वाट्याला नुसते हुकूम येतात. तुमचं इंग्रजी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात तुम्हाला गोष्ट सांगता येते का? खोटं खोटं रुसता येतं का? लेकरू भाषा शिकतं ते असल्या रिकाम्या बडबडीतून. ती भरपूर मिळाली की पुढं शाळेतलं इंग्रजीसुद्धा त्याच जोरावर उचलतं.

तुझ्या सासूबाई त्या दिवशी कोपऱ्यात शेंगा फोडत होत्या. निलंग्याकडच्या बाईचं तोंड एरवी दिवसभर चालतं! नातू जवळ आला की गप्प. ‘माझ्यामुळं त्याची इंग्लिश बिघडंल,’ असं मला हळूच म्हणाल्या. मीनू, हे बरं नव्हे.

मी किनवटकडं तांड्यावरच्या शाळेत होतो तेव्हा याची दुसरी बाजू पाहिली. तांड्यावरची पोरं घरी गोरमाटी बोलतात. पहिलीत त्यांच्यापुढं आपण मराठी पुस्तक टाकतो, आणि पोरगं बोललं नाही की ‘मंद आहे’ म्हणून मोकळे होतो. त्यांना आपली मराठी म्हणजे अर्णवला इंग्रजीच. मराठीचा झेंडा मिरवणाऱ्या आपल्या लोकांना हे फारसं दिसत नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाल्यावर पेढे वाटतानाही कुणाला तांडा आठवला नसेल. पण त्या तांड्यावरच्या कुठल्या आईनं घरात गोरमाटी बंद केलेली मी पाहिली नाही. पोरं चौथीपर्यंत दोन्ही भाषांत खोड्या काढायची.

दोन भाषांनी लेकरू गोंधळतं म्हणतेस. एकदा देगलूरच्या बाजारात जाऊन उभी राहा. एकच दुकानदार एका गिऱ्हाईकाशी तेलुगू, दुसऱ्याशी मराठी, तिसऱ्याशी दखनी बोलतो आणि मोड परत देताना चुकत नाही. आणि तुमच्या लातूरचेच जनार्दन वाघमारे घे. इंग्रजीचे प्राध्यापक, राजर्षी शाहू कॉलेजचे प्राचार्य, 1994 ला आमचं नांदेडचं विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी इंग्रजीत वाचलं आणि आपल्याला मराठीत समजावून सांगितलं. घरातल्या मराठीनं त्यांच्या इंग्रजीचं काय बिघडवलं?

तेव्हा शाळा तीच राहू दे. गृहपाठ इंग्रजीत घ्या, कार्टून इंग्रजीत बघू दे. जेवताना, झोपताना आणि रागावताना मराठी बोला, आणि सासूबाईंचं तोंड मोकळं करा. जावईबापूंना हे पत्र दाखव. त्यांना पटलं नाही तर त्यांनी मला मराठीत शिव्या द्याव्यात, माझी हरकत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत अर्णवला इकडं धाड. मी त्याला ‘काय करायलास रे’ म्हणून विचारणार. तोवर आजीनं त्याला ‘करलालास’ शिकवलेलं असलं, तर ते मी दुरुस्त करणार नाही.

तुझा
मामा