अव्वांची खोली आणि बिनशेतीचा कागद

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ असं आपण म्हणतो, आणि आमच्या अव्वा ‘मनी कट्टि नोडु, मदुवी माडि नोडु’ म्हणतात. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर बैलहोंगलकडचं, वय 78. म्हणीतलं लग्न आमच्याकडे कधीच उरकलं. घराचं मात्र दोन वर्षं चाललंय.

आम्ही भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. गुडघ्यांमुळे अव्वा गेल्या दीड वर्षात खाली उतरल्या त्या फक्त दवाखान्यासाठी. त्यामुळे घर बांधायचं ठरलं ते खरं म्हणजे एका खोलीसाठी. तळमजल्यावर, बाथरूम लागून आणि मोठी खिडकी असलेली.

बेळगावच्या आसपास जागा बघायला निघालं की पहिला प्रश्न येतो, ‘बाँडची की एनए?’ बाँडची म्हणजे शेतात गुंठे पाडून स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेली जागा. गुंठा म्हणजे 33 बाय 33, एकूण 1089 चौरस फूट. आम्हाला सांगितलेला भाव एनएच्या जवळजवळ निम्मा होता. मोह पडतोच! पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खतानेच होते. नुसत्या बाँडने मालकी येत नाही.

माझे एक सहकारी अशाच घरात पंधरा वर्षं राहतात. वीज आहे, नळ आहे, घरपट्टीची पावती आहे. मुलासाठी वर मजला चढवायला बँकेत गेले तेव्हा साहेबांनी कागद चाळले आणि चहा पाजून परत पाठवलं. पंचायतीचा उतारा होता, पण तो 11-ब चा. ग्रामपंचायतीत बिनशेती आणि मंजूर जागेला नमुना 9 आणि 11-अ मिळतो, बाकीच्यांना 11-ब. त्याने कर भरता येतो, बांधकाम मंजूर होत नाही. शहरांतही 2025 मध्ये अनधिकृत मालमत्तांना बी-खाते देण्याची मोहीम झाली. घरपट्टीच्या पावतीला मालकीचा कागद समजणारे आपल्यात फार आहेत, आणि त्यात शिकलेले कमी नाहीत.

आम्ही एनए जागा घेतली, 30 बाय 40. शेतीची जमीन बिनशेती करण्याची परवानगी 1964 च्या कर्नाटक भूमहसूल कायद्याच्या कलम 95 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडून. प्लॉट पाडण्याच्या लेआउटला मंजुरी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे ‘बुडा’ची. मग खाते आपल्या नावावर, आणि शेवटी महानगरपालिकेकडून घराच्या नकाशाला परवाना. यातली पहिली दोन कामं विकणाऱ्याने करायची असतात. ती झाली नसतील तर आर्किटेक्टने कितीही सुंदर नकाशा काढला तरी तो भिंतीवर लावायच्या कामाचा.

कागद सगळे कन्नडमध्ये. माझ्या माहेरची माणसं याच्या धास्तीने एजंट गाठतात. मी अव्वांना शेजारी बसवून वाचायला लागले तेव्हा मजा वाटली. परवानगीला कन्नडमध्येही परवानगी, मोजणीला मोजिणी, उताऱ्याला उतार, हिस्स्याला हिस्सा आणि बिनशेतीला चक्क बिनशेत्की! 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्या दप्तराचे शब्द अजून टिकून आहेत. चतुःसीमेला ‘चक्कुबंदी’ म्हणतात एवढंच अव्वांनी मला नव्याने शिकवलं.

अडलं ते निराळ्याच ठिकाणी. खरेदीखतात यजमानांच्या आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडलेला, खात्यात न मोडलेला. एका कार्यालयाने तेवढ्यावरून फाइल परत केली. दोन्ही नावांचा माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, त्यात तीन आठवडे गेले.

मेस्त्री रोज म्हणायचे, “मॅडम, पाया काढून घ्या की. परवानगी काय, मागनं येतंय.” आमच्या ओळीतल्या दोन घरांनी तसंच केलं होतं. यजमानही डळमळले. अव्वांच्या वयाकडे बघून मलाही एकेक महिना जड जात होता. पण कर्जाचा हप्ता मंजूर नकाशाशिवाय सुटणार नव्हता, आणि मेस्त्रींचा सिमेंटवाला उधारीवर घर बांधून देणारा नव्हता.

नकाशा मंजूर झाला तो नवव्या महिन्यात. नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडताना अव्वांच्या खोलीची रुंदी तीन फुटांनी कमी झाली. त्यांचं सागवानी कपाट आता तिथे बसत नाही. हे त्यांना कसं सांगायचं म्हणून यजमान दोन दिवस गप्प होते. शेवटी मी नकाशा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोटाने रेघ धरली आणि विचारलं, “हे रिकामं कशाला?” म्हटलं, “वारा-उजेड यायला. शेजाऱ्यांनीही एवढंच सोडायचं असतं.”

मग त्यांनी कपाट नणंदेला देऊन टाकायला सांगितलं आणि खिडकी त्या बाजूला घ्यायला लावली. आर्किटेक्टने तसा बदल करून दिला. गेल्या सोमवारी पाया खणायला सुरुवात झाली. शेजारचा प्लॉट अजून रिकामा आहे. ते लोक जागा सोडणार आहेत ना, असं अव्वा रोज संध्याकाळी विचारतात.