पसरणीच्या उतारावर

पाचगणीहून वाईस उतरणारा पसरणी घाट पावसाळा सरल्यावर पाहावा. एका अंगास कातळ, दुसरीकडे दरीपलीकडे धोम धरणाचे पाणी. चढताना सायकलस्वाराचा दम लागतो. उतरताना सारी भिस्त ब्रेकवर.

नातवाच्या डोंगरी सायकलची पुढची ब्रेकमूठ थेट हँडलला टेकू लागली. दोन-तीनदा दाबली की घट्ट होई, पुन्हा ढिली. नळीतील तेलात हवा शिरल्याचे हे लक्षण. दाब पॅडपर्यंत पोहोचण्याआधी हवाच आकसते. “आजोबा, मागच्या ब्रेकवर उतरतो,” तो म्हणाला. लांब उतारावर एकटा ब्रेक तापून पकड सोडतो. मी सायकल मोटारीत चढवली. तो रुसला, सूर्यास्तापूर्वी डबा उघडला तेव्हा कुठे बोलला.

वाईत कारागिराने सिरिंजने तेल चढवून बुडबुडे काढले. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेलच लागते. मोटारीचे डॉट द्रव घातल्यास आतील रबरी सील खराब होतात. मूठ घट्ट असूनही चाक थांबत नसेल, तर मात्र दोष बहुधा तेलकट पॅडचा. चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, तेल मुरलेले पॅड सरळ बदलावेत. साखळीवर तेलाचा फवारा मारणाऱ्यांनी चकती आधी झाकावी!

दुसऱ्या दिवशी मेणवलीच्या रस्त्यावर नातवाने पुनःपुन्हा वेग घेऊन ब्रेक लावून पाहिला. मी तोवर नाना फडणवीसांच्या वाड्यामागील घाटावर बसलो होतो.